संस्थेत बदल करायचाय? आधी नुकसानीची यादी करा

मोठ्या शहरातल्या कंपनीत बदलाला विरोध करणारा माणूस राजीनामा देतो किंवा त्याला घरी बसवतात. कोकणातल्या संस्थेत तो कुठेच जात नाही. वार्षिक सभेत तुमच्या ठरावाविरुद्ध उठून बोलणारा सभासद तुमचा भाऊबंद असतो. त्याच्या बागेचा गडगा तुमच्या बागेला लागून असतो, गणपतीत तुम्ही त्याच्याच घरी आरतीला जाता आणि शिमग्यात पालखी दोघांच्याही अंगणात येते. अशा माणसाला मतदानात हरवता येतं, पण हरल्यावर तो पुढची वीस वर्षं समोरच असतो, आणि ठराव अमलात आणायचा तो त्याच्याच हातांनी.

हे मार्गदर्शन अशा संस्था चालवणाऱ्यांसाठी आहे: आंबा-काजू उत्पादक संस्थेचे अध्यक्ष, मच्छीमार सोसायटीचे सचिव, पतसंस्थेचे व्यवस्थापक, शाळेचे मुख्याध्यापक, महिला बचत गटांच्या संघाच्या पदाधिकारी. माझं म्हणणं थोडक्यात असं की, बदलाची कल्पना बहुतेक वेळा चांगलीच असते. तो अडतो तो त्यात कोणाचं काय जाणार आहे याचा हिशेब कोणी आधी मांडत नाही म्हणून. फायद्याचा तक्ता प्रत्येक संस्था करते. नुकसानीचा तक्ता करणारी संस्था क्वचित भेटते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, रत्नागिरी किंवा देवगड भागात दोनशे सभासदांची आंबा उत्पादक सहकारी संस्था आहे. आज प्रत्येक बागायतदार आपापला हापूस लाकडी पेटीत भरतो आणि वाशीच्या बाजारात आपापल्या दलालाकडे पाठवतो. संस्थेला वाटतं की सगळ्यांचा आंबा संस्थेच्या शेडमध्ये यावा, वजनावर प्रतवारी व्हावी, पुठ्ठ्याच्या खोक्यात संस्थेच्या नावाने भरावा आणि थेट ग्राहकाला किंवा मोठ्या खरेदीदाराला विकावा. तुमची संस्था मासळीची असो वा ठेवींची, पायऱ्या याच राहतात.

माणसं अडतात कशाने

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावी हारवुड हा पायजमे शिवणारा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की तिथल्या कामगार बायका वैतागत, उत्पादन घसरे, काही जणी काम सोडून जात. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे एक प्रयोग करून १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीसारखं बोलावून नवी पद्धत आणि नवा दर सांगितला. इतर गटांना मात्र अडचण काय आहे ते दाखवून पद्धत ठरवण्यातच सामील करून घेतलं, कुठे प्रतिनिधींमार्फत तर कुठे सगळ्यांनाच. नुसतं सांगितलेल्या गटातल्या १७ टक्के जणींनी पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडली आणि राहिलेल्यांचं काम पूर्वीच्या पातळीवर आलंच नाही. सामील करून घेतलेल्या गटांतून त्या काळात एकही बाई गेली नाही, आणि सगळ्यांना चर्चेत घेतलं तिथे उत्पादन सुरुवातीला पडून मग पूर्वीपेक्षा वर गेलं. कारखाना तोच होता, बदलही जवळपास तोच.

त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, चांगलं मांस सैन्याकडे जात असल्यामुळे गृहिणींनी जनावराचं काळीज, गुर्दा असे भाग घरी रांधावेत अशी अमेरिकी सरकारची इच्छा होती. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात काही गटांना उत्तम व्याख्यानं दिली गेली, तर काहींना आपसात चर्चा करून सगळ्यांसमोर हात वर करून निर्णय घ्यायला लावला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी घरी जाऊन ते रांधलं, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के जणींनी.

आपली वार्षिक सर्वसाधारण सभा हे बहुतेक वेळा व्याख्यानच असतं. अध्यक्ष बोलतात, सभासद चहा-भजी घेतात, ठराव एकमताने मंजूर होतो. मार्चमध्ये शेडवर क्रेट येत नाहीत तेव्हा सगळे एकमेकांना विचारतात की असं कसं झालं.

पहिली पायरी: एका पेटीचा माग काढा

काहीही बदलण्याआधी आज काम नेमकं कसं चालतं ते पायी फिरून पाहा. कार्यालयात बसून काढलेलं चित्र जवळपास नेहमीच चुकतं.

तीन बागायतदार निवडा: एक लहान, एक मोठा आणि एक दुसऱ्याच्या बागा कराराने घेणारा. प्रत्येकाची एक पेटी झाडापासून पैसे हातात पडेपर्यंत कागदावर उतरवा. आंबा चौदा आणे तयार, म्हणजे काढणीजोगा, आहे हे कोण ठरवतं? काढणीला माणसं कुठली? आढी कोण घालतं (गवतात आंबा पिकत कोण ठेवतं), की कच्चाच जातो? निवड कोण करतं, आणि डागी फळाचं काय होतं? टेम्पो कोणाचा, भाडं कोण देतं? दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, किती दिवसांनी येते, तिच्यात काय काय वजा होतं, आणि रोख कधी मिळते?

या फेरीतच तुम्हाला खरी गोष्ट सापडेल. दलाल हा नुसता विकणारा नसतो. पावसाळा संपला की फवारणीला, खताला, राखणीच्या माणसांना पैसा लागतो, तेव्हा उचल देणारा तोच असतो. घरात आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, तर एका फोनवर पैसे पाठवणाराही तोच. त्या बदल्यात पेटी त्याच्याकडे जाते. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि शेतकऱ्याकडून आडत (दलाली) घेणं बंद केलं. दार उघडलं, तरी बऱ्याच पेट्या जुन्याच गाळ्यावर जात राहिल्या, कारण कायदा बदलून उचल फिटत नाही. ज्या व्यवहाराने माणूस बांधलेला आहे तो व्यवहार ओळखल्याशिवाय तुमची योजना कागदावरच राहील.

दुसरी पायरी: कोणाचं काय जातंय ते लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक मोठा कागद घ्या आणि बदलाचा स्पर्श होणारा प्रत्येक माणूस त्यावर नावानिशी लिहा. 'सभासद' असा एकच शब्द लिहून थांबू नका, सगळ्यांचं सारखं जात नाही. आमच्या उदाहरणात यादी साधारण अशी निघेल.

लहान बागायतदाराची उचल जाते. आणखी एक गोष्ट जाते, जी तो सभेत कधीच बोलणार नाही: पेटीत वर मोठं फळ आणि खाली जरा लहान फळ लावायची सोय. वजनकाट्यावर ती उरत नाही.

मोठ्या बागायतदाराचं नाव जातं. त्याच्या आजोबांपासून पेटीवर घराण्याची अक्षरं असतात आणि बाजारात त्या अक्षरांना भाव असतो. आता त्याचा उत्तम आंबा संस्थेच्या खोक्यात इतरांच्या आंब्याबरोबर जाणार. वरवर हे अहंकाराचं वाटतं, पण त्यात पैसाही आहे आणि तीन पिढ्यांची मेहनतही.

करारवाल्याचं तर धंद्याचं गणितच जातं. मालक मुंबईत असतो, बाग याच्याकडे असते, आणि कोणत्या पेटीला काय भाव मिळाला हे फक्त याला माहीत असतं. संस्थेने प्रत्येक बागेचा हिशेब छापून दिला की मालक पुढच्या वर्षी कराराची रक्कम वाढवून मागणार. हा माणूस तुमच्या योजनेला गोड बोलून विरोध करील, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर त्याला दोष देता येत नाही.

संस्थेच्या सचिवांची वही जाते. कोणाचं किती देणं, कोणाला कधी सवलत दिली, हे सगळं त्यांच्या हस्ताक्षरात आणि डोक्यात असतं. संगणक आला की पंचवीस वर्षांचं ते ज्ञान एका दिवसात कोणालाही दिसणारी गोष्ट बनतं. त्यांना आधी विश्वासात घेतलं नाही, तर नवी प्रणाली चालू होईल पण तिच्यातली माहिती नेहमी अर्धवट राहील.

पेट्या करणारा सुतार, वाशीला फेऱ्या मारणारा टेम्पोवाला, घरोघरी पेट्या भरायला जाणाऱ्या बायका यांचं हंगामाचं काम जातं. ते सभासद नसतील, पण सभासदांच्याच वाडीत राहतात आणि त्यांची गाऱ्हाणी चुलीपर्यंत पोहोचतात.

यादी झाली की प्रत्येक नुकसानीपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: भरून देता येईल, कमी करता येईल, किंवा भरून देता येणार नाही. उचलीचं नुकसान भरून देता येतं, पण त्यासाठी बँकेकडून हंगामी कर्ज काढून संस्थेने ऑक्टोबरमध्येच आगाऊ रक्कम द्यायला हवी. ही सोय होत नसेल तर बदल एक वर्ष पुढे ढकला, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घराण्याच्या नावाचं नुकसान कमी करता येतं: संस्थेच्या खोक्यावर बागेचं नाव छापा. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बागेची ओळख सांगणारा क्यूआर कोड खोक्यावर लावला तर मोठ्या बागायतदाराचं नाव पुसलं न जाता उलट लांबवर जातं. पेट्या भरणाऱ्या बायकांना शेडमधलं प्रतवारीचं काम आधी द्या, बाहेरची माणसं नंतर. सुताराला आणि टेम्पोवाल्याला घरी जाऊन भेटा आणि किती काम उरेल ते खरं सांगा.

तिसऱ्या प्रकारातली नुकसानं लपवू नका. लहान फळ खाली लावायची सोय जाणार आहे ती जाणारच, आणि करारवाल्याचा आडपडदाही. हे सौम्य शब्दांत पण आधीच सांगितलेलं बरं. माणसं नुकसान सोसतात. फसवलं गेल्याची भावना मात्र सोसत नाहीत.

तिसरी पायरी: पाच-सात माणसं निवडा

संचालक मंडळाने एकट्याने बदल करायचा म्हटला तर तो 'मंडळाचा बदल' ठरतो, आणि मंडळाशी ज्याचं जमत नाही त्याचं बदलाशीही जमत नाही. म्हणून एक छोटा गट करा. त्यात ज्याच्या शब्दाला वाडीत मान आहे असा एक जण हवा, त्याच्याकडे पद नसलं तरी चालेल. फोन आणि संगणक सहज हाताळणारा तरुण हवा. प्रत्यक्ष फळ हाताळणारी बाई हवी. चाकरमानी सभासदांपैकी एक जण हवा. आणि बदलावर मनापासून शंका घेणारा एक माणूस हवाच हवा. त्याला शांत बसवायला घेऊ नका, त्याच्या शंका इतरांच्या आधी कानावर याव्यात म्हणून घ्या.

मान असलेला शेजारी इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांकडे आहे. संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. नव्या बियाण्याची पहिली बातमी सर्वांत जास्त जणांना विक्रेत्यांकडून कळली होती, पण लावायचा निर्णय सर्वांत जास्त जणांनी घेतला तो शेजाऱ्याचं ऐकून. बियाणं साध्या बियाण्यापेक्षा उघड सरस असूनही ते जवळपास सगळ्यांपर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षं लागली. तुमच्या शेडवर दोनशे सभासद पहिल्याच हंगामात येतील अशी अपेक्षा धरू नका. वीस आले आणि टिकले तर काम मार्गी लागलं असं समजा.

चौथी पायरी: आपल्या पंचांगाप्रमाणे वेळ ठरवा

व्यवस्थापनाच्या पुस्तकात ही पायरी सापडणार नाही, आणि आपल्याकडचे सर्वांत जास्त बदल याच पायरीवर घसरतात.

आंब्याच्या संस्थेचं वर्ष पाहा. पाऊस गेल्यावर खर्च सुरू होतो आणि उचल लागते. डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोर, फवारण्या आणि थंडीकडे डोळे. मार्च ते मे काढणी, तेव्हा माणसाला जेवायला फुरसत नसते. जूनमध्ये पाऊस लागला की शेतीची कामं आणि भाताची लावणी. मग गणपती, तेव्हा गाव भरलेलं असतं. सहकारी संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते.

यावरून वेळापत्रक आपोआप तयार होतं. जूनअखेर ते ऑगस्ट माग काढणं आणि नुकसानीची यादी. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा वाडीवाडीत बोलणं, मात्र गौरीच्या दिवसांत बैठक लावू नका, पाहुण्यांच्या गडबडीत कोणी मन देऊन ऐकत नाही. सप्टेंबरच्या सभेत ठराव. ऑक्टोबरमध्ये आगाऊ रक्कम. नोव्हेंबर ते जानेवारी शेड, काटा, खोके आणि शिकवणी. एप्रिलमध्ये चाचणी. मार्चमध्ये काहीही नवीन सुरू करू नका, शिमगा आणि पहिला आंबा एकदम येतात.

मच्छीमार सोसायटीला वेगळं पंचांग लागू. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली, तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी गावात किंवा आपापल्या घरी. हिशेबाची नवी पद्धत, डिझेलच्या नोंदी, बर्फाचं वाटप हे बदलायचं असेल तर हेच दोन महिने. नारळी पौर्णिमेनंतर कोणाला थांबवून शिकवता येत नाही. हर्णैसारख्या बंदरात लिलाव वाळूतच होतो. तिथे टपावर किंवा ढिगावर बोली लावण्याऐवजी वजनावर विक्री आणायची, तर काट्याची सवय आवक कमी असलेल्या दिवसांत लावायला हवी. बोटी भरून येतात त्या दिवशी काट्यापुढे रांग लागली की पहिल्याच संध्याकाळी काटा बाजूला सरकवतील. पतसंस्थेचं तिसरंच: नवी संगणक प्रणाली मार्चअखेरच्या वसुलीत आणू नका, पण १ एप्रिलच्या प्रारंभिक शिल्लकीपासून सुरू केली तर ताळा जुळवणं सोपं जातं.

पाचवी पायरी: सांगायचं कसं

ज्याचं सर्वांत जास्त जातंय त्याला सर्वांत आधी, एकट्याला, त्याच्या घरी जाऊन सांगा. सचिवांना सभेत सगळ्यांबरोबर कळलं, तर त्यांच्या दृष्टीने तो अपमान आहे, आणि अपमानावर कोणताही खुलासा चालत नाही.

मग वाडीवार बैठका. देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, कोणाची तरी मोठी पडवी. वीस-पंचवीस माणसं पुरेत. बोलणारा शक्यतो त्याच वाडीतला असावा आणि त्याने घरच्या बोलीत बोलावं, मालवणी असो, संगमेश्वरी असो की दालदी. अध्यक्षांनी ऐकायला बसावं.

बैठकीत भाषण नको, एका पेटीचा हिशेब मांडा. फळ्यावर डाव्या बाजूला गेल्या हंगामातली खरी पट्टी: भाव, भाडं, हमाली, इतर वजावट, हातात आलेली रक्कम, किती दिवसांनी आली. उजव्या बाजूला तीच पेटी नव्या पद्धतीने. उजव्या बाजूचे भाव आज कोणालाच माहीत नसतात, म्हणून तिथे कमी भाव धरून एक हिशेब आणि बरा भाव धरून दुसरा हिशेब मांडा. 'इतके जास्त मिळतील' असं वचन कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. हापूसचा भाव अवकाळी पावसावर फिरतो, आणि एकदा मोडलेलं वचन गावात फार वर्षं टिकतं.

त्यानंतर एकच प्रश्न विचारा: 'यात तुमचं काय अडतं?' आणि गप्प बसा. शांतता लांबली तरी आपण बोलू नका. जे येईल ते सगळ्यांसमोर कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीला त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर घेऊन या, 'याला उत्तर नाही' हेही उत्तर चालेल. असं दोनदा झालं की माणसं खरं बोलू लागतात.

भीती घालू नका. काही सल्लागार म्हणतात, आधी संकटाची जाणीव करून द्या. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ही चक्रीवादळं ज्यांनी सोसली त्यांना एकाच पिकावर, एकाच बाजारावर अवलंबून राहण्याचा धोका आपण काय समजावणार? त्यांच्याकडूनच तो ऐका.

व्हॉट्सअ‍ॅप गट तारखा, भाव आणि सूचना यांपुरता ठेवा. वाद तिथे सुरू झाला की 'हे शनिवारी बैठकीत बोलू' एवढंच लिहायचं, आणि शनिवारी खरंच बोलायचं. मुंबईतल्या सभासदांसाठी तिथेच एका रविवारी वेगळी बैठक लावा. बाग त्यांच्या नावावर असते आणि करारवाल्याचं म्हणणं त्यांच्यापर्यंत तुमच्या आधी पोहोचलेलं असतं.

सहावी पायरी: कागद

थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेल्या संस्थेने आधी स्वतःचे पोटनियम काढून वाचावेत. सभासदांचा माल एकत्र विकायला, त्यांना आगाऊ रक्कम द्यायला पोटनियम परवानगी देतात का? नसेल तर दुरुस्ती हवी, ती सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने होते आणि निबंधकांनी नोंदवल्यावरच लागू होते. म्हणून सहायक निबंधकांच्या कार्यालयात मसुदा आधीच दाखवा. ठरावात खर्चाची मर्यादा, चाचणीची मुदत आणि आढावा कधी घेणार ती तारीख लिहा.

सातवी पायरी: लहान चाचणी, जुनी वाट उघडी ठेवून

पहिल्या हंगामात कोणावरही सक्ती नको. पंधरा-वीस बागायतदार घ्या, आणि त्यांनीही सगळा आंबा न देता काही भाग द्यावा. बाकीचा नेहमीच्या गाळ्यावर जाऊ दे. दोन्हींचा हिशेब एकाच माणसाच्या हातात आला की तुलना तोच करतो, तुम्हाला पटवावं लागत नाही. चाचणीत नुसते उत्साही लोक घेऊ नका. त्यांना यश आलं तर गाव म्हणतं, 'त्यांचं काय, ते करणारच.' दोन-तीन साधे, जरा धास्तावलेले बागायतदार असू देत.

काय मोजायचं ते आधी ठरवा. मला तीन आकडे पुरेसे वाटतात: डझनामागे हातात पडलेली निव्वळ रक्कम, शेडवर नाकारलेल्या फळांचं प्रमाण, आणि आंबा दिल्यापासून पैसे मिळेपर्यंतचे दिवस. तिसरा आकडा सर्वांत नाजूक आहे. दलालाची पट्टी ठरलेल्या वेळी येते, अडचणीला उचलही येते. संस्थेचे पैसे एकदा जरी रखडले तर भाव कितीही चांगला मिळालेला असो, पुढच्या वर्षी तो माणूस परत येणार नाही. म्हणून खरेदीदाराकडून पैसे यायच्या आधी सभासदाला काही रक्कम देता येईल इतका निधी चाचणीपूर्वीच बाजूला काढा. तो नसेल तर चाचणी लहान करा.

वादाचे नियमही आधी लिहून ठेवा. हापूसमधला साका, म्हणजे गरात आतून होणारा बिघाड, बाहेरून दिसत नाही. ग्राहकाने तक्रार केली तर नुकसान कोणाचं, बागायतदाराचं की सगळ्यांच्या निधीतून? प्रतवारी करणाऱ्या बाईने फळ नाकारलं आणि बागायतदाराला पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? हे प्रश्न एप्रिलच्या उन्हात, क्रेट उघडी पडलेली असताना सोडवायला गेलात तर भांडण होणार.

आणि थांबायचं कधी तेही लिहा. अमुक इतकं नुकसान झालं किंवा अमुक दिवसांत पैसे देता आले नाहीत, तर चाचणी बंद करून सभा बोलवायची. मागे फिरायची वाट दाखवून ठेवली की माणसं पुढे यायला कमी घाबरतात.

आठवी पायरी: पहिले पंधरा दिवस आणि विरोध

सुरुवातीला काम नक्की मंदावेल. हारवुडमध्येही सामील झालेल्या गटांचं उत्पादन आधी पडलंच होतं. नवा काटा, नव्या पावत्या, खोक्यात फळ बसवायची नवी रीत. जी बाई दिवसात कित्येक पेट्या भरायची तिचा हात अडखळेल आणि ती स्वतःवरच चिडेल. या दिवसांत जास्तीची माणसं ठेवा, कामाच्या संख्येवर मजुरी देऊ नका, रोजाने द्या. संचालकांपैकी कोणीतरी रोज शेडवर असावं, निर्णय द्यायला आणि क्रेट उचलायलाही.

विरोध आला की आधी तो कसला आहे ते ओळखा. माहिती नसल्याचा विरोध असेल तर माहिती द्या. नुकसानीचा असेल तर यादी काढून पुन्हा पाहा, काहीतरी सुटलं असेल. जुन्या अनुभवातून आलेला अविश्वास असेल, पूर्वी कुठल्या तरी संस्थेत भागभांडवल बुडालं असेल, तर बोलून उपयोग नाही. हिशेबाची वही कोणालाही, कधीही पाहायला मोकळी ठेवा आणि दर आठवड्याचे आकडे शेडच्या भिंतीवर लावा. बांधाच्या किंवा वाटपाच्या जुन्या भांडणातून आलेला विरोध मात्र संस्थेच्या बैठकीत सोडवायचा प्रयत्न करू नका. त्या माणसाला मान द्या, दार उघडं ठेवा आणि काम चालू ठेवा.

सभेत मान हलवणाऱ्यांवर विसंबू नका. कोणाची क्रेट आली आणि कोणाची पहिल्या आठवड्यानंतर थांबली, ते पाहा. थांबलेल्याच्या घरी त्याच दिवशी जा.

नववी पायरी: रुजवणं

जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये संस्थांचे बदल फसण्याची जी आठ कारणं मांडली, त्यात विजय फार लवकर जाहीर करणं हे एक होतं. आपल्याकडे शेडचं उद्घाटन, फीत आणि फोटो झाले की काम संपल्यासारखं वाटतं. उद्घाटन करायचंच तर तिसऱ्या हंगामानंतर करा.

जूनमध्ये, हिशेब ताजा असताना, चाचणीतल्या सगळ्यांना बसवून तिन्ही आकडे वाचून दाखवा, वाईट आकडेही. दुसऱ्या वर्षी काय बदलायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मग दुसऱ्या वर्षी चाळीस-पन्नास जण, तिसऱ्या वर्षी दार सगळ्यांना उघडं. जुनी पद्धत बंद करायची का, कधी करायची, हा प्रश्न निम्म्याहून जास्त माल आपखुशीने शेडवर येऊ लागल्यावरच सभेपुढे आणा.

व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते. बदल एका अध्यक्षांच्या नावाने ओळखला जात असेल तर पुढच्या निवडणुकीत तोच मुद्दा बनतो. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच बैठका इतरांनी चालवाव्यात, विरोधी गटातल्या एखाद्याकडे प्रतवारी समिती द्यावी. प्रत्येक कामाला दोन माणसं शिकवलेली असावीत: काटा दोघांना, हिशेबाची प्रणाली दोघांना, खरेदीदाराशी बोलणं दोघांना. सचिवांच्या डोक्यातलं सगळं त्यांच्याच हाताने, त्यांच्या नावाने एका मार्गदर्शक वहीत उतरवून घ्या आणि नव्या कारकुनाला शिकवायचं काम त्यांनाच द्या. पासवर्ड, खरेदीदारांचे पत्ते, करारांच्या प्रती आणि शेडच्या किल्ल्या एकाच घरात राहू नयेत. त्यांची नोंद संस्थेच्या दप्तरात असावी आणि ती दर ऑक्टोबरमध्ये, आगाऊ रक्कम वाटायच्या आधी, तपासून घ्यावी.